गावकीच्या भांड्यांच्या काकी

वस्तू नवी आणि सरकारी दिसली, की काकी आधी बोट मुडपून तिच्यावर टकटक करायच्या. बसथांब्याचं छत असो, फुटपाथवरचं बाकडं असो, नाहीतर दिव्याचा खांब असो. मान एका बाजूला कलती करून आवाज ऐकायचा आणि शेजारी जो कुणी उभा असेल त्याला विचारायचं, "कोनाच्या पैशाचा यो?"

"पालिकेच्या, काकी."

"पालिका काय भात लावते? तुझ्या नि माझ्या पैशाचा, असा बोल."

त्या आवाजावरून त्यांना काय कळायचं हे मला आजतागायत समजलेलं नाही. माझ्या मते काहीच कळत नसावं. चांगला भक्कम खांबही त्यांना पोकळच वाटायचा. एकदा तर पांढरी गाडी म्हणजे सरकारीच, असं ठरवून त्यांनी एका भल्या माणसाच्या स्वतःच्या गाडीवर टकटक केली आणि त्यालाच तो प्रश्न विचारला. त्याने निमूटपणे कर्जाच्या हप्त्याचं सांगितलं. "मंग ठीक हाय," म्हणून काकी पुढे निघून गेल्या.

मी काकींच्या गावातल्या पालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते आणि निवृत्त होताना तिथलीच मुख्याध्यापिका होते. गाव डोंबिवली पूर्वेचं, मानपाड्याच्या पलीकडचं, आगरी वस्तीचं. आधी तिथे भातशेती होती, मग कारखाने आले, मग टॉवर आले. शाळेसमोरच्या ज्या सोसायटीत मी राहते, ती काकींच्या सासऱ्यांच्या शेतावर उभी आहे. हे त्यांनी मला कधी विसरू दिलं नाही. "बाई, तुमचा हॉल हाय ना, थयच आमची म्हस बसायची," असं त्या माझ्या घरी आलेल्या पाहुण्यांसमोर सांगायच्या. पाहुणे सोफ्यावर जरा सावरून बसायचे.

काकी गरीब नव्हत्या, आणि त्यांनी तसा आवही कधी आणला नाही. घर तीन मजल्यांचं, दारात गाडी, अंगावर भरपूर सोनं. मोठ्या मुलाच्या हळदीला त्यांनी अख्खं गाव जेवू घातलं होतं आणि बँडच्या आवाजाने आमच्या सोसायटीच्या काचा थरथरल्या होत्या. मी दुसऱ्या दिवशी चिडून म्हटलं, "काकी, सरकारने एक बाकडं ठेवलं तर तुम्ही हिशेब विचारता, आणि हे काय?"

"ता घरचा होता, बाई. घरचा उधलला तर मी रडेन. गावकीचा उधलला तर कोन रडल?"

ही 'गावकी' समजल्याशिवाय काकी समजायच्या नाहीत. गावकी म्हणजे सगळ्या गावाची मिळून जी व्यवस्था असते ती. तिच्या मालकीची मोठी भांडी होती. माणूस आत बसेल एवढाले टोप, पराती, घंगाळं, कढया, झारे. लग्न असो की बारावं असो, कुठल्याही घरी ती जायची. देवळामागच्या खोलीत ती ठेवलेली असत आणि त्या खोलीची किल्ली काकींच्या कमरेला असे. त्यांच्या सासूकडून ती त्यांच्याकडे आली होती, आणि गावात सरपंच गेले, नगरसेवक आले, तरी किल्लीला कुणी हात लावला नव्हता.

भांड्यांचा त्यांच्या गावचा नियम असा. आनंदाचं कार्य झालेल्या घराने ती परत करताना रिकामी आणायची नाहीत. मोठ्या टोपात तांदूळ घालूनच आणायची, आणि तो तांदूळ गावकीच्या पिंपात जायचा. मात्र ज्या घरी कुणी गेलं असेल, कमावत्या माणसाचं काम सुटलं असेल, त्या घरी भांडी सगळ्यांत आधी जायची आणि सोबत पिंपातला तांदूळही जायचा. त्यांनी टोप रिकामा परत आणला तरी कुणी ब्र काढायचा नाही. आणि गावकीचा टोप कुणाच्या दारात चढला, की प्रत्येक घरातल्या माणसाने तिथे येऊन पानावर बसायचं. श्रीमंताने तर बसायचंच. म्हणजे कोण गरजेपोटी जेवतंय आणि कोण रीत म्हणून, ते पंगतीत कळत नाही.

जमिनींना सोन्याचा भाव आला ती वर्षं तुम्हालाही आठवत असतील. ज्याला त्याला शहर सुंदर करायचं होतं. रस्त्याच्या दुभाजकावर सिमेंटची हरणं उभी राहिली. गाण्याच्या तालावर नाचणारी कारंजी हवीत म्हणून आमच्याच सोसायटीने सह्या गोळा केल्या, आणि मीही आनंदाने सही ठोकली. पैसा कुठून येणार हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडत नव्हता. गावाने मागणी केली ती वेशीवर कमान बांधण्याची. गावाचं नाव, दोन्ही बाजूंना नांगर, वर देवीचा मुखवटा. काकींचा पुतण्या त्यासाठी पालिकेत खेटे घालत होता.

काकींनी सभेत उभं राहून विरोध केला. "कमानीखालना जावून कोनाचा पोट भरला रे? आपला गाव कंचा ता आपल्याला म्हाईत हाय. परक्याला म्हाईत नसल तं तो इचारल."

गाव भडकलं. गावची मुलगी असून, म्हणजे सून असून, गावाच्याच मानाआड येते! पुतण्याने वर्षभर त्यांच्या घरचं पाणी घेतलं नाही. कमान झाली. थाटात उद्घाटन झालं. आणि मग पहिल्याच लग्नसराईत गावकीची भांडी भरलेला टेम्पो तिच्याखाली अडकला. उत्साहाच्या भरात देवीचा मुखवटा जरा जास्तच खाली लोंबत ठेवला होता आणि सगळ्यात मोठा टोप त्याला जाऊन भिडला. नवरदेवाच्या मावश्या-माम्यांनी आणि पुतण्याने टोप उतरवून, कमानीखालून वाहून, पलीकडे परत टेम्पोत चढवले. काकी बाजूला उभ्या राहून पदराआड हसत होत्या. पुतण्याने त्या दिवशी त्यांच्याकडे पाणी मागितलं. उन्हात टोप वाहून त्याचा घसा कोरडा पडला होता.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं मात्र समजू नका. शाळेला संगणकाची खोली मिळणार होती, तेव्हा काकींनी तीही अडवून धरली. "टीवी बगाला घरी जावू दे पोरांना." मी त्यांच्याशी भांडले, रडकुंडीला आले, आणि शेवटी खोली झाली. मुलं त्या पडद्यावर आपलं नाव लिहायला शिकली तेव्हा काकी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. चुकलं असं काही म्हणाल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी संगणकांवर घालायला घरी शिवलेली कापडी आवरणं पाठवली. त्यांवर लग्नातल्या साडीची जर होती.

मग टाळेबंदी आली. आजाराचं मी सांगत बसत नाही, ते प्रत्येकाने आपापल्या घरात पाहिलं आहे. नंतर जे आलं ते अधिक लांबलं. मानपाड्याकडचे कितीतरी कारखाने पुन्हा सुरू झालेच नाहीत, आणि जे झाले त्यांनी माणसं कमी केली. काकींची एक चाळ होती, तिच्यातले भाडेकरू आपापल्या गावी निघून गेले. आमच्या सोसायटीत संध्याकाळी खाली फिरायला येणारी माणसं सकाळीही दिसू लागली. कुणी काही विचारत नव्हतं. लोकांचं बोलणं मात्र बदललं. कारंज्यासाठी सह्या करणारेच आता म्हणू लागले, सरकारने उधळपट्टी थांबवावी, जे चालत नाही ते बंद करावं, आपण घरी काटकसर करतो तशी त्यांनीही करावी.

आणि बंद करण्यासारखं पहिलं जे दिसलं, ती आमची शाळा होती. पट कमी. इमारत जुनी. पालिकेचं म्हणणं असं, की मुलांना मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवावं. तो रस्ता म्हणजे दिवसभर ट्रक आणि डंपर. पहिलीतलं पोर तो कसं ओलांडणार? ते शाळेत जाणारच नाही, घरी बसेल, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी तेव्हा झोपेतही तो रस्ता बघत होते.

लोकांचं मत ऐकायला एक अधिकारी आले. सभा शाळेतच भरली. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. ते एका रसायनाच्या कारखान्यात इंजिनिअर होते, सज्जन माणूस. ते म्हणाले, "साहेब, भावनेचा प्रश्न नाही. घरात पैसा कमी आला की आपण खर्च कमी करतो. सरकारनेही तेच करायला हवं." लोकांनी माना डोलावल्या. गावानेही डोलावल्या, कारण गावची बहुतेक पोरं इंग्रजी शाळेत जात होती.

अधिकाऱ्यांनी मग काकींकडे पाहिलं. बाई दर वेळी खर्चाला आडव्या येतात हे त्यांच्या कानावर होतं. त्यांनी अगदी आदराने विचारलं, "काकी, तुमचं काय मत?" काकींनी 'बंद करा' म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता.

काकी उठल्या. "मी बारा महिने हात आखडाला सांगते, ता कनाला? वाईट दिसांत हात सैल सोडाला भेटावा म्हनून. आथा वाईट दिस आलं, तं तुमी भांडी कुलपात घालताव?"

"काकी, पण पालिकेकडे पैसा..." अधिकारी म्हणाले.

"कमानीला होता. हरनांना होता. तवा मी बोल्ले तं मना येडी ठरवली." मग त्या अध्यक्षांकडे वळल्या, आणि आवाज खाली आला. "भावा, तुझा घर नि सरकार एक नाय. तू खर्च कमी केलास तं तुझी पोरा कुठं जातील? सरकारच्याच दारात ना? तवा ता दार उघडा नको?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी लपवलं नाही. अध्यक्षांनी मान खाली घातली. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

अधिकारी भले होते. ते म्हणाले, "जूनमध्ये वर्ग भरला तर शाळा कुणी बंद करणार नाही. पण मुलं हवीत."

मुलं होती, हेच तर दुःख होतं. मला आठवडाभर फोन येत होते. गावातून येत होते आणि आमच्या सोसायटीतूनही. इंग्रजी शाळेची फी झेपत नव्हती. "बाई, नाव घालायचंय, पण कुणाला बोलू नका," असं म्हणून फोन ठेवत, आणि नाव घालायला मात्र कुणी येत नसे. पालिकेच्या शाळेत पोर घातलं म्हणजे आपलं दिवाळं वाजलं, असं सगळ्या जगाला सांगणं होतं. मी काकींना नावं नाही सांगितली, फक्त अडचण सांगितली.

प्रवेशाच्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात चूल पेटलेली होती. तीवर गावकीचा सगळ्यात मोठा टोप चढला होता. काकींनी आदल्या दिवशीच गावभर निरोप दिला होता, आणि पहिल्यांदाच आमच्या सोसायटीच्या वॉचमनकडेही दिला होता. टोप शाळेच्या दारात चढतोय, प्रत्येक घराने यायचं. गाव आलं, कारण न येणं त्यांना माहीतच नव्हतं. सोसायटीची माणसं आधी गॅलरीतून बघत राहिली, मग एकेक करून उतरली.

आणि सगळ्यांत पुढे काकी आपल्या नातीचा हात धरून माझ्या टेबलापाशी आल्या. मागे सून, डोळे पुसत. "आई, तिचं इंग्लिश मीडियम सुटेल ओ! आपल्याला काय कमी आहे?"

"कमी नाय म्हनूनच," काकी म्हणाल्या. "आपून पयले बसलो नाय, तं बाकीची कशी बसतील? नि इंग्लिश बाई शिकवतील."

माझं इंग्रजी काय दर्जाचं आहे ते मला ठाऊक होतं, पण ती वेळ कबूल करण्याची नव्हती. मी नाव लिहून घेतलं. त्यानंतर पुतण्याची मुलगी आली. मग आणखी कुणी. मग रांगच लागली, आणि कोण फी परवडत नाही म्हणून उभं आहे आणि कोण काकींच्या रीतीला मान देऊन, ते मलाही सांगता आलं नसतं.

रांगेच्या शेवटी आमचे अध्यक्ष होते. धाकट्या मुलीला घेऊन आले होते. त्यांना कामावरून कमी करून बरेच दिवस झाले होते आणि आम्हा शेजाऱ्यांना पत्ता नव्हता. रोज सकाळी डबा घेऊन ते घरातून निघत आणि कुठेतरी बसून परत येत, हे नंतर त्यांच्या बायकोने मला सांगितलं. सभेत काटकसरीचं बोलला तो माणूस स्वतःच्या घरचंच बोलत होता. नाव घालून झालं, ते पंगतीत बसले. वाढायला काकी होत्या. आता त्या काहीतरी बोलणार, सभेतलं उट्टं काढणार, असं मला वाटलं. काकींनी त्यांच्या पानावर भात वाढला, त्यावर वाटाण्याची आमटी ओतली, आणि म्हणाल्या, "सावकास जेव, भावा. भात हाय अजून."

आयुष्यात अनेक मोठ्या माणसांची भाषणं ऐकली. पण शाळेतली बाई असल्याचा अभिमान मला त्या पटांगणात जेवढा वाटला, तेवढा कधी वाटला नाही.

शाळा राहिली. पुढे दिवस सुधारले, अध्यक्षांना तळोज्याला नोकरी लागली, सोसायटीच्या खाली नव्या गाड्या दिसू लागल्या. लोकांची मतं पुन्हा बदलली. काहींनी मुलं काढून परत इंग्रजी शाळेत घातली. 'आमच्या करातून फुकट शाळा का?' असं म्हणणारेही परत निघाले. अध्यक्षांनी मात्र मुलगी काढली नाही. उलट त्यांचा उत्साह असा वाढला की शाळेला पालिकेकडून वातानुकूलित वर्ग, काचेचा दरवाजा आणि रंगीत दिव्यांची पाटी मिळवून देतो म्हणाले. मी हरखले.

काकींनी सगळं ऐकून घेतलं. "पोरांना उकारतंय काय?"

"उन्हाळ्यात थोडं उकडतं," मी म्हटलं.

"तं पंखं घ्या. बाकीचा ठेवा. वाईट दिस परत येतील, तवा मांगायला तोंड पायजे."

पंखे आले. बाकीचं राहिलं. मी पंधरवडाभर त्यांच्याशी फुरंगटून होते.

गेल्या वर्षी काकी गेल्या. आजारपण थोडं होतं, कुणाला त्रास दिला नाही. किल्ली त्यांनी आधीच सुनेच्या कमरेला अडकवली होती. तिच्या माहेरी गावकी नव्हती, ती कल्याणच्या ब्लॉकमध्ये वाढलेली. पण बाराव्याला तिने सगळ्या गावाला आणि आमच्या सोसायटीला ज्या रीतीने पानावर बसवलं, ते पाहून म्हाताऱ्या बायकासुद्धा काही बोलल्या नाहीत.

महिन्याभराने पुतण्या आणि दोन-चार पुढारी तिच्याकडे आले. मला आणि अध्यक्षांनाही बोलावलं होतं. गावात काकींचं स्मृतिउद्यान व्हावं, मधोमध अर्धपुतळा, सगळं पालिकेच्या खर्चाने. वरून होकारही मिळत होता. पूर्वीचं भांडण पुतण्याच्या मनात सलत होतं, आणि त्याला ते असं फेडायचं होतं. खरं सांगायचं तर मलाही कल्पना आवडली. काकींचं नाव कुठेतरी दगडावर असावं असं कुणाला नाही वाटणार?

सून शांतपणे म्हणाली, "दादा, पैसे आहेत ना पालिकेकडे?"

"हाय गं. तेच तं सांगतंय."

"मग दुसरीच्या वर्गाला वर्षभर बाई नाही. ती द्या."

पुढाऱ्यांनी समजावलं, की उद्यानाचा पैसा वेगळा असतो आणि शिक्षकांचा वेगळा, असं इकडचं तिकडे करता येत नाही. सून म्हणाली, "मला त्यातलं कळत नाही. आईंच्या नावाने काही करायचं असेल तर बाई आणा. नाहीतर काही नको. आणि बाई आली तरी नाव कुठे लावू नका." मग पुतण्याच उठला आणि पुन्हा पालिकेत खेटे घालू लागला. अध्यक्ष त्याच्याबरोबर जात. त्यांनी इतके खेटे घातले, की शेवटी लोक त्यांना बघून स्वतःच सांगायचे, फाईल कुठे आहे ते.

काकींचं नाव गावात कुठेही लिहिलेलं नाही. मीही इथे लिहिलेलं नाही, ते सुनेने विनंती केली म्हणून.

यंदा जूनमध्ये नवी बाई रुजू झाली. खडवलीची पोर आहे, पहिलीच नोकरी, आवाज खणखणीत. मी निवृत्त असले तरी शाळेत डोकावल्याशिवाय मला चैन पडत नाही. परवा मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन बसली.

"मॅडम, इथे म्हणे कुणाचं तरी स्मारक होणार होतं. मग राहिलंच का ते?"

"राहिलं नाही गं," मी म्हटलं. "झालं. तू नाही का आलीस?"

तिला ते काही कळलं नाही. ती हसली, हातावरचा खडू झटकला आणि दुसरीच्या वर्गात निघून गेली.